पाठवणीची तबकडी

आबा,

तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. भेटायला येणारी माणसं ओटीवर बसतात, दुखणं किती दिवस होतं, शेवटी काय बोलले, असं विचारतात. मी सांगते, त्यांचं समाधान होतं, ती उठून जातात. ती गेल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मात्र लिस्बनमधला एक उभा चढ येतो. त्या चढावर तुम्ही भिंतीला हात टेकून दम खात उभे आहात, डोक्यावर पांढरी टोपी, पायात तुमच्या मुलाचे, संदीपचे जुने बूट, आणि येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसांना थांबवून तुम्ही एक गाणं गुणगुणून दाखवताय.

सून आणि सासरा परदेशातल्या शहरात गाण्यांच्या जुन्या तबकड्या शोधत फिरले, हे आपल्या गावात अजून कुणाला नीटसं खरं वाटत नाही. मलाही कधीकधी वाटत नाही. त्याआधीच्या पंधरा वर्षांत आपण दोघं जेवढं बोललो होतो, ते सगळं एका जेवणाच्या वेळात बोलून संपलं असतं.

"जेवलंस?"

"होय."

"एष्टी टायमार इली?"

"इली."

यापुढे गाडी कधी गेली नाही. त्याचं कारण अख्ख्या वाडीला माहीत होतं.

तुम्ही पंचक्रोशीतले माईकवाले आबा. लग्न असो, पूजा असो, तुम्ही माडावर कर्णा बांधायचा, मांडवाच्या कोपऱ्यात मशीन मांडायचं आणि पेटीतून एकेक तबकडी काढून लावायची. मी या घरात आले तोवर कॅसेटी आणि सीड्यांनी तुमचं मशीन माळ्यावर पोचवलं होतं. पण माझ्या लग्नाला कुडाळला तुम्ही ते घेऊन आलात. मुलाचा बाप स्वतः मशीन मांडतोय म्हणून माझे काका बघतच राहिले. मी निघताना तुम्ही ती लहान, बशीएवढी तबकडी लावलीत. कुणा परक्या बाईचा जड, खोल आवाज. शब्द एकही कळत नव्हता, पण माझी आई अशी काही रडली की मला तिला सोडवेना.

त्या तबकडीची गजाल मला सासूबाईंनी नंतर सांगितली. वेंगुर्ल्याचे हसनमियाँ जहाजावर खलाशी होते. त्यांच्या लेकीच्या निकाहला तुम्ही कर्णा लावलात, म्हणून कुठल्याशा बंदरातून त्यांनी ती तुम्हाला आणून दिली. बंदर कुठलं, भाषा कुठली, हे त्यांनाही आठवत नव्हतं. वरचा कागद दमटपणाने निघून गेलेला, निळी कड तेवढी उरलेली. सासूबाईंना त्या गाण्यात एकच शब्द ओळखू यायचा, जनेल. आपल्याकडे खिडकीला म्हणतात तेच. त्यावरून त्यांनी अर्थ लावला होता, सासरी निघालेली व्हकल, नवरी मुलगी, जाताना मागे वळून घराच्या जनेलाकडे बघते. तुम्हाला तो पटला आणि ती तबकडी पाठवणीची ठरली. पंचक्रोशीतल्या किती मुली त्या गाण्यावर सासरी गेल्या, देव जाणे.

आणि मग मी नवी सून, लग्नानंतरचा पहिलाच मे महिना. माळा झाडायला चढले, तुमची पेटी उघडली तर तबकड्यांवर बुरशी. मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं करून दाखवू. तुम्ही मालवणला बाजाराला गेला होतात. मी एकेक तबकडी ओल्या फडक्याने पुसली आणि खळ्यात कोकमाची सोलं सुकत घातली होती, त्यांच्या शेजारी चटई टाकून ओळीने उन्हात मांडली. दुपारी बघते तर सगळ्यांचे काठ वर आलेले. काहींच्या अगदी वाट्या झालेल्या. त्यात ती लहानही होती.

तुम्ही आलात. पिशवी खाली ठेवलीत. उकिडवे बसून एकेक उचललीत, पेटीत रचलीत, पेटी बंद केलीत. एक शब्द बोलला नाहीत. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गाणां गेला." तेवढंच. त्या पुढे कायम ते गुणगुणत राहिल्या, कोकमं फोडताना, भात वैरताना. मी ते ऐकायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचे.

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं तेव्हा संदीपने आपल्याला बोलावलं. तो लिस्बनच्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून लागला होता. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, महिनाभर जाऊ असं ठरलं. पोचल्यावर लक्षात आलं की संदीप सकाळी दहाला जातो तो उशिरा येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत उरतो आपण दोघं. पहिले तीन दिवस आठवतात ना? मी आतल्या खोलीत पुस्तक धरून, तुम्ही बाहेर खिडकीपाशी. खाली जांभळ्या फुलांचं झाड. ट्राम गेली की तावदानं थरथरायची.

चौथ्या दिवशी समोरच्या घरातली म्हातारी तिच्या मुलीवर ओरडत होती. तुम्ही एकदम उठून माझ्या दारात आलात.

"मेघा, ह्येका हयसर पण जनेलच म्हणतत?"

"कोणाक, आबानू?"

"ह्येका!" तुम्ही खिडकीवर हात मारलात. "ती म्हातारी चेडवाक सांगता हा, जनेला बंद कर. माका आयकाक इलां."

मी फोनवर बघितलं. होतंच तसं. तुम्ही खुर्चीवर बसलात, मग पुन्हा उठलात.

"तां गाणां हयचां गो. जुन्यो रेकॉर्डी खंय गावतत, तुझ्या फोनात बघ."

पंधरा वर्षांत तुम्ही माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी चपला घालायला धावले.

पहिलं दुकान तळघरात होतं. दाढीवाला दुकानदार, भिंतभर तबकड्या. तुम्ही टोपी काढून, डोळे मिटून गाणं गुणगुणलात. तो गंभीरपणे ऐकून म्हणाला की हे त्यांच्याकडचं जुनं, दुःखाचं गाणं असणार, तसली गाणी त्याच्याकडे शेकडो आहेत. त्याने तुमच्या कानांवर हेडफोन चढवले. दोन तास तुम्ही त्या बायकांची दुःखं ऐकत बसलात. मधूनच डोळे पुसायचात आणि मला सांगायचात, "बरां आसा. पण ह्यां न्हय."

मग मंगळवारचा जुना बाजार. जमिनीवर चादरी पसरून मांडलेल्या फरशा, किल्ल्या, चष्मे, हात तुटलेल्या बाहुल्या. तुम्हाला तबकड्यांचा विसरच पडला. हे काय, ते कशाला वापरतात, ह्याला इथे काय म्हणतात, असं तुम्ही मला विचारायचात, मी त्यांना विचारायचे. साबणाला साबांव म्हणतात, बालदीला बाल्द, हे कळल्यावर तुम्ही असे खूश झालात, जणू दूरचे नातेवाईक भेटले. शेवटी एका कट्ट्यावर बसलेल्या तीन म्हाताऱ्यांना तुम्ही गाणं म्हणून दाखवलंत. एकाने लगेच सूर धरला आणि भलतंच गाणं म्हटलं. दुसऱ्याला ते पटेना. तिसऱ्याने दोघांना गप्प केलं आणि स्वतःचं म्हटलं. त्यांचं भांडण जुंपलं, तुम्ही मध्ये बसून मान डोलवत होतात. येताना गल्लीत कुणीतरी मासे भाजत होतं. तुम्ही थांबून वास घेतलात आणि म्हणालात, "तारले!" घरी येऊन तुम्ही ते सगळं संदीपला सांगितलंत. तुम्ही जेवताना इतकं बोलता हे मला त्या दिवशी कळलं.

असे दोन आठवडे गेले. एका दुकानाने दुसऱ्याचा पत्ता द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याचा. सगळे ऐकायचे, सगळ्यांना ते दुःखाचं गाणं वाटायचं आणि कुणालाच ओळखता यायचं नाही. मला काळजी वाटायला लागली होती. इतकी वर्षं गुणगुणून सासूबाईंनी सूरच बदलला असेल तर? आपण जगात कुठेच नसलेलं गाणं शोधत असलो तर? हे मी तुम्हाला बोलून दाखवलं नाही.

मग इल्दाबाई भेटल्या. चढाच्या वरच्या टोकाला, राहत्या घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान. सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी इंग्लंडात नोकरी केलेल्या, म्हणून त्यांचं माझं इंग्रजीत जमलं. तुम्ही गुणगुणलात. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तुम्ही पुन्हा गुणगुणलात आणि ह्या वेळी मध्ये तो एकच शब्द घातलात, "जनेऽऽला". त्यांनी तुम्हाला हाताने थांबवलं. परत म्हणायला लावलं. मग त्या टेबलावर बोटाने ठेका धरू लागल्या, आधी तुमच्या लयीत, मग जरा जलद, मग आणखी जलद, आणि एकाएकी तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. हसत हसतच आत गेल्या. बराच वेळ खोकी सरकवल्याचे आवाज येत राहिले. बाहेर आल्या तेव्हा हातात निळ्या कागदाची लहान तबकडी होती.

त्यांनी ती लावली. टुणटुणीत, उड्या मारणारं गाणं. पोरीसारखा बारीक आवाज.

"न्हय," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा पडला.

इल्दाबाईंनी मला विचारलं, ह्यांचं मशीन कसलं होतं? मी तुम्हाला विचारलं. तुम्ही सांगितलंत, मशीन चांगलं होतं, फक्त लहान तबकड्यांच्या वेगाचं बटण पहिल्यापासून बिघडलेलं. म्हणून तुम्ही लहान तबकड्या घेतच नव्हता. ही एकच भेट आलेली, ती मोठ्यांच्या मंद वेगावर लावायचात. मी हे इंग्रजीत सांगेपर्यंत इल्दाबाईंनी बटण फिरवलं होतं.

आणि आबा, ती आली. तोच जड आवाज, तीच ओढून धरलेली ओळ. क्षणभर मी कुडाळच्या मांडवात उभी होते. तुम्ही काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होतीत आणि तुमचे ओठ हलत होते. सासूबाई जिथे श्वास घ्यायच्या, तिथेच तुम्ही श्वास घेत होतात.

संपल्यावर इल्दाबाईंनी अर्थ सांगितला. सांगायला त्या कचरत होत्या. त्यांच्या लहानपणी रेडिओवर दिवसभर वाजायची ती साबणाची जाहिरात होती. साबणाबरोबर तबकडी फुकट वाटायचे. गाण्यातली बाई म्हणते, माझी जनेला मी ह्या साबणाने इतकी लख्ख धुतली की आत काय शिजतंय ते शेजारीण तिच्या घरातून बघते.

मी ते तुम्हाला भीत भीतच सांगितलं. तुम्ही मशीनवरची तबकडी उचलून तिच्या निळ्या कागदावरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, "जनेल खरीच होती तर." आणि हसलात. मी तुम्हाला तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं. इल्दाबाई हसल्या, मी हसले, तिघंही खुर्च्यांवर बसून हसलो.

मग इल्दाबाईंनी सहज विचारलं की पहिली तबकडी कशी हरवली. प्रश्न मला होता. मी इंग्रजीत सांगितलं, मी ती उन्हात वाळवली. त्यांचा चेहरा बघून तुम्ही मला विचारलंत,

"काय सांगलंस तिका?"

"सांगलंय, ती रेकॉर्ड माझ्यामुळा गेली."

तुम्ही टोपी हातात घेतलीत, तिची घडी घातलीत, उलगडलीत.

"तुझ्यामुळा न्हय. तुझ्या लग्नाक ती काढूक पेटी उघडलंय, तेवाच बघलंय. सगळ्यांका बुरशी इलेली. इतकी वर्सां त्येंच्यार पोट भरलंय आणि माळ्यार टाकून विसारलंय. मगे तू नवी सून, तू त्येंका पुसूक बसलंस. माका तुका तोंड दाखवूची लाज वाटली."

पंधरा वर्षं मी समजत होते की तुम्ही माझ्यावर रागावला आहात. माझ्या ताटात वाढलेल्या प्रत्येक गप्प बसण्याचा मी तोच अर्थ लावला. आणि तुम्हाला माझ्यासमोर यायची लाज वाटत होती! हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत, हे मला विचारायचं होतं. त्या दिवशी इल्दाबाईंसमोर विचारलं नाही. नंतर आपण दोघं इतकं दुसरंच बोलत राहिलो की ते राहूनच गेलं. आणि मी तरी एकदा "चुकलं माझं" असं त्या मे महिन्यात का नाही म्हटलं? तो प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाहीत. दोघांचाही एकेक प्रश्न राहिला आहे, आबा.

एक वाद मात्र आपण पुरेपूर घातला. विमानात सुरू झाला आणि पुढे तीन वर्षं चालला. मी म्हणायचे, गावाला सांगूया, केवढी मजेची गजाल आहे.

"नाय सांगूचा."

"कित्याक, आबानू? लोक हसतले."

"हसतले. मगे ज्यो रडान सासरी गेल्यो, त्येंका काय वाटतला? साबणाच्या गाण्यार रडलंव म्हणान?"

मी म्हणायचे, खरं ते खरं. गाण्याचा खरा वेग तो, इल्दाबाईंनी आधी लावला तो. तुम्ही म्हणायचात, रेकॉर्ड एक आणि गाणी दोन, एक त्यांचं, एक आपलं. यावर मी मास्तरीणपणा करून काहीतरी मुद्दा काढायचे, आणि तुम्ही संध्याकाळी मशीनवर इल्दाबाईंची तबकडी लावून माझं तोंड बंद करायचात. दुकानातून निघताना त्यांनी ती तुमच्या हातात दिली होती, ती तुम्ही कपाटात, सासूबाईंच्या साड्यांत ठेवली होतीत. तुम्ही माझ्याकडून वचन कधी घेतलं नाहीत. घेतलं असतंत तर मी पाळलं असतं. मी फक्त "बगूया" म्हणत आले.

मागच्या आठवड्यात खालच्या वाडीतल्या शेवंताकाकी आल्या. त्यांच्या नातीचं, प्रियांकाचं लग्न ठरलेलं. त्या तुमच्यासाठी थोडं रडल्या, मग पदराने नाक पुसून म्हणाल्या, "माझ्या तीनय चेडवांची पाठवणी आबांच्या गाण्यार झाली. नातीक पण तांच लावक होया. मशीन घेवन ये."

आणि मी सांगून टाकलं. का ते मलाही कळलं नाही. माझ्या मनात आलं, हिला फसवून ते गाणं लावणं मला जमणार नाही. साबण, जाहिरात, शेजारीण, बिघडलेलं बटण, सगळं सांगितलं.

शेवंताकाकी ऐकत राहिल्या. "साबणाचा?" त्यांनी विचारलं. मग तोंडात दात नसलेलं ते मोठं हसू हसल्या.

"गो, आमका रडूक गाणां नको होतां. रडू येवचांच. पण बापये बसलेले असत, व्याही बसलेले असत, मोठ्यान रडाक लाज वाटा. आबा मशीन लावी आणि आमच्याकडे बघून आवाज वाढवी. मगे कोण किती रडता, तां कोणाक आयकाक येय नाय. त्येंका म्हायत होतां तां."

खरंच माहीत होतं, आबा? की तुम्ही आपले गाणं चांगलं ऐकू यावं म्हणून बटण फिरवत होतात? तीन वर्षं तुमच्याशी वाद घातला आणि हे विचारायचं मला सुचलंच नाही. आता मी तुमचं सगळं आठवून बघते, माझ्या लग्नातलासुद्धा तुमचा हात. तुम्ही मशीनकडे बघत होतात की माझ्या आईकडे?

परवा लग्न झालं. मशीन मी रिक्षात घालून नेलं. शेवंताकाकींनी गजाल घरभर केली होती, त्यामुळे पाठवणीच्या वेळी डीजे बंद झाला आणि सगळा मांडव माझ्याभोवती गोळा. नवरी माझी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, आधी खऱ्या स्पीडने लावा ना. साबणवालं."

मशीनचं ते बटण काही दुरुस्त झालेलं नाही. मी तबकडीच्या कडेला बोट लावलं आणि हातानेच जोरात फिरवू लागले. कर्ण्यातून ती पोरीसारखी बाई उड्या मारत बाहेर आली. मांडव हसला. प्रियांका नवऱ्याचा हात धरून वाकून वाकून हसत होती. व्याही हसत होते. तेवढ्यात कुणीतरी गाडीचं दार उघडलं. प्रियांकाने ते पाहिलं आणि ती आईकडे वळली.

मी बोट उचललं. तबकडी मंदावली, बाईचा आवाज खाली खाली उतरत गेला आणि आपल्या जागी येऊन स्थिरावला. प्रियांका आईच्या गळ्यात होती. हसणं कुठे संपलं ते मला कळलं नाही. शेवंताकाकी खुर्चीवर बसून, हुंदका दाबत, माझ्याकडे बघत होत्या.

मी आवाज वाढवला.